गडाचे नाव आणि नावाचा गड : शिवकालीन दुर्गनामांच्या अन्वर्थकतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत वा महाविद्यालयात 'कोंढाण्याला सिंहगड हे नाव कसे मिळाले?' असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच मिळते. इ.स. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी प्राणांचे मोल देऊन कोंढाणा जिंकला आणि त्या सिंहासारख्या वीराच्या स्मरणार्थ शिवाजी महाराजांनी गडास 'सिंहगड' हे नाव दिले, हे ते उत्तर होय. ते इतके समर्पक वाटते की, त्याचा पुरावा तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. तथापि शिवाजी महाराजांच्या इ.स. १६६३ मधील एका पत्रात याच गडाचा उल्लेख 'सिंहगड' असा आलेला आहे. म्हणजे तानाजींच्या बलिदानापूर्वी सात वर्षे हे नाव स्वराज्याच्या कागदोपत्री रूढ होते.

वर्गात ही गोष्ट सांगितली की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटते. आपण तानाजींकडून काहीतरी काढून घेत आहोत, अशी त्यांची समजूत होते. अनेक प्राध्यापक त्यामुळे हा विषय टाळतात. काही जण आख्यायिका तशीच सांगून पुढे जातात. इतिहासाच्या अध्यापकासमोरील हा पेच लहान वाटला तरी तो मूलभूत आहे. एखादे नाव एखाद्या स्थळास अचूक शोभते, म्हणून त्या नावामागील प्रचलित कथा खरी मानावी काय? आणि कथा खरी नसेल, तर नावाचे शोभणे व्यर्थ ठरते काय? या दोन प्रश्नांचा विचार शिवकालीन दुर्गनामांच्या आधारे करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) शिवकालीन दुर्गनामांतील अन्वर्थकतेचे प्रकार निश्चित करणे.
२) नाव आधी की घटना आधी, या प्रश्नाचा निवडक गडांच्या संदर्भात शोध घेणे.
३) काही अन्वर्थक नावे टिकली व काही लोपली, याची कारणमीमांसा करणे.

यासाठी समकालीन पत्रे, बखर वाङ्मय, मोगल तवारिखा व स्थानिक परंपरा यांतील माहितीचा तौलनिक विचार केला आहे. सर्वच गडांचा परामर्श येथे अभिप्रेत नसून, मुद्दा स्पष्ट करणारी उदाहरणे तेवढी घेतली आहेत.

अन्वर्थक नाम : संकल्पना

संस्कृत शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे प्रकार मानले आहेत. घटक अवयवांच्या अर्थावरून ज्याचा अर्थ लागतो तो यौगिक, अवयवार्थाचा संबंध न राहता केवळ संकेताने चालतो तो रूढ, आणि अवयवार्थ शिल्लक असूनही एकाच वस्तूपुरता मर्यादित होतो तो योगरूढ शब्द होय. चिखलात जन्मणारे ते 'पंकज'. पण चिखलातील प्रत्येक वस्तूस आपण पंकज म्हणत नाही. विशेषनाम हे बहुधा रूढ असते. ज्या विशेषनामाचा अवयवार्थ त्या व्यक्तीस वा वस्तूस लागू पडतो, त्यास आपण अन्वर्थक म्हणतो. 'यथा नाम तथा गुणः' हे वचन अशा नावांसाठी वापरले जाते. उलट प्रकारासाठी मराठीने 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशी म्हण करून ठेवली आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. माणसास नाव बारशाला मिळते आणि गुण पुढे प्रकट होतात. म्हणून व्यक्तिनामाची अन्वर्थकता हा बहुतांशी योगायोग असतो. गडाचे तसे नाही. गड डोळ्यांसमोर उभा असताना, त्याचे जुने नाव बाजूस सारून त्यास नवे नाव दिले जाते. साहजिकच त्या नावात नाव ठेवणाऱ्याची दृष्टी उतरते.

नव्या नावांचे तीन प्रकार

शिवाजी महाराजांनी जिंकलेल्या वा नव्याने बांधलेल्या अनेक गडांना संस्कृतप्रचुर नावे दिली. पुढे राज्याभिषेकानंतर तयार झालेल्या 'राजव्यवहारकोशा'त फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले व त्यात 'दुर्गवर्ग' हे स्वतंत्र प्रकरणही आहे. मात्र गडांचे नामकरण या कोशाच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. भाषेविषयीचे धोरण कोशातून प्रकट होण्यापूर्वी ते गडांच्या नावांतून व्यक्त झाले, असे म्हणता येईल.

या नावांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार वर्णनपर नावांचा. तोरणा गडाचा विस्तार पाहून त्यास 'प्रचंडगड' म्हटले गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीचा हा गड चढून गेलेल्या कोणासही या नावाची सार्थकता पटवून द्यावी लागत नाही. खेळणा किल्ला इ.स. १६५९ च्या अखेरीस स्वराज्यात आला व 'विशाळगड' झाला. मालवणनजीकच्या कुरटे बेटावर इ.स. १६६४ मध्ये ज्याची पायाभरणी झाली तो 'सिंधुदुर्ग' म्हणजे सागरातील दुर्ग. 'जंजिरा' या शब्दाचे मूळही असेच साधे आहे. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट. मराठी कागदपत्रांत हा शब्द जलदुर्गाचा सामान्य वाचक बनला; म्हणूनच सिंधुदुर्ग व विजयदुर्ग यांनाही 'जंजिरे' म्हटलेले आढळते. मुरूडच्या किल्ल्यापुरता मात्र तो विशेषनाम होऊन बसला. योगरूढीचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसरा प्रकार संकल्पपर नावांचा. येथे नाव वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही, तर घडवावयाच्या वस्तुस्थितीची घोषणा करते. मुरुंबदेवाच्या डोंगरावर गड उभा राहिला आणि त्याचे नाव 'राजगड' ठेवण्यात आले, तेव्हा सतराव्या शतकाचे पाचवे दशक चालू होते. त्या वेळी शिवाजी महाराज कागदोपत्री आदिलशाहीतील एका मातब्बर सरदाराचे पुत्र होते. राज्याभिषेकास सुमारे पाव शतकाचा अवकाश होता. त्या काळी 'राज' हे पद त्या डोंगरास कोणत्याही अर्थाने लागू नव्हते. ते लागू व्हावे हा संकल्प होता. पुढे स्वराज्याचा कारभार दीर्घकाळ तेथूनच चालला आणि नाव सार्थ झाले. ६ जून १६७४ रोजी प्रत्यक्ष राज्याभिषेक झाला तो मात्र रायगडावर. रायरीचे 'रायगड' होताना ध्वनीत किंचितच बदल झाला. पण 'राय' म्हणजे राजा हा अर्थ त्यात सहज सामावला आणि स्वराज्याच्या दोन्ही राजधान्या नावानेही राजाच्या झाल्या.

प्रतापगडाची कथा अशीच आहे. जावळी हाती आल्यानंतर इ.स. १६५६ पासून भोरप्या डोंगरावर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली हा गड बांधण्यात आला. अफजलखानाचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. आज 'प्रताप' हा शब्द उच्चारताच तोच प्रसंग आठवतो आणि त्यावरूनच नाव पडले असावे असा समज होतो. परंतु गड बांधला गेला व त्याचे नामकरण झाले ते या प्रसंगापूर्वी, असेच सामान्यतः मानले जाते. तसे असेल तर नाव आधी आले आणि प्रताप मागाहून घडला.

तिसरा प्रकार स्मरणपर नावांचा. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे व त्यांचे साथीदार ज्या घोडखिंडीत धारातीर्थी पडले, ती परंपरेने 'पावनखिंड' झाली. साताऱ्याजवळील परळीचा किल्ला समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळे 'सज्जनगड' म्हणून प्रसिद्धीस आला. येथे घटना वा व्यक्ती आधी आणि नाव नंतर असा सरळ क्रम आहे. परळी हे जुने नाव पुसले गेले नाही. पायथ्याच्या गावाने ते जपून ठेवले.

या तीन प्रकारांतील सीमारेषा नेहमीच स्पष्ट असते असे नाही. मुरूडसमोरील कासा बेटावर उभारलेल्या 'पद्मदुर्गा'चे उदाहरण पाहावे. त्याच्या बुरुजाचे चर्ये कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे घडविलेले आहेत. आकारावरून नाव आले की नावास साजेसा आकार घडविला गेला, याचा निर्णय केवळ वास्तू पाहून करता येत नाही. या दुर्गास वेळेवर रसद न पोहोचविणाऱ्या अधिकाऱ्याची कानउघाडणी करणारे इ.स. १६७५ चे पत्र प्रसिद्ध आहे. सिद्दीच्या राजपुरीसमोर दुसरी राजपुरी उभी करण्याचा महाराजांचा हेतू त्यातून स्पष्ट होतो. नाव कमळाचे असले तरी दुर्गाचे प्रयोजन शत्रूच्या उरावर बसण्याचे होते.

अन्वर्थकतेचे मोह

नावाचा अर्थ लागला की त्यामागील कारणही समजले, असे वाटणे हा अभ्यासकाचा पहिला मोह होय. विजयदुर्गाचे नाव या दृष्टीने उद्बोधक आहे. घेरिया हा जुना किल्ला जिंकल्याच्या आनंदात त्यास 'विजयदुर्ग' म्हटले असावे, असे कोणासही वाटेल. परंतु एका परंपरेनुसार हा किल्ला इ.स. १६५३ मध्ये, 'विजय' नाम संवत्सरात स्वराज्यात आला व संवत्सरावरून त्याचे नाव पडले. शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागले असता उरणारी बाकी संवत्सराचा अनुक्रम दर्शविते. शके १५७५ साठी ही बाकी २७ येते आणि सत्ताविसावे संवत्सर 'विजय' हेच आहे. (याच रीतीने राज्याभिषेकाचे शके १५९६ हे वर्ष 'आनंद' संवत्सर ठरते.) किल्ला नेमका कोणत्या वर्षी घेतला गेला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. म्हणून ही उपपत्ती निर्णायक मानता येत नाही. परंतु जे नाव पराक्रमाचे वाटते ते पंचांगातूनही आलेले असू शकते, एवढा सावधगिरीचा इशारा त्यातून निश्चित मिळतो. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने हा दुर्ग आंग्र्यांकडून घेतला. त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते. विजय झाला, पण तो दुर्गाचा नव्हे. इंग्रजी कागदपत्रांत तर तो अखेरपर्यंत 'घेरिया'च राहिला.

दुसरा मोह विसंगतीचा. 'पुरंदर' हे इंद्राचे नाव. त्याचा अर्थ पुरांचा, म्हणजे तटबंदीच्या नगरांचा भेद करणारा. एका दुर्गास दुर्गभेदकाचे नाव असावे, हेच मुळी चमत्कारिक. शेजारच्या जोडकिल्ल्याचे नाव 'वज्रगड'. इ.स. १६६५ च्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला. पुढे मुरारबाजी देशपांडे पडले आणि जूनमध्ये तह झाला. त्या तहान्वये स्वराज्यातील २३ किल्ले मोगलांस देणे भाग पडले व १२ किल्ले उरले. इंद्राचे वज्र हातचे गेले आणि दुर्गभेदकाच्या नावाने झालेल्या तहात दुर्गच गेले, असे लिहिण्याचा मोह कोणासही होईल. परंतु हा अर्थ घटनेनंतर आपण लावलेला आहे. घटनेची कारणे मिर्झाराजे जयसिंगाच्या लष्करी व राजनैतिक आखणीत शोधावयास हवीत, गडाच्या नावात नव्हे. ज्याप्रमाणे हा योग आपण गमतीचा म्हणून सोडून देतो, त्याचप्रमाणे मनास सुखावणारे योगही तपासून घेतले पाहिजेत.

कोंढाणा आणि सिंहगड

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोंढाण्याचे नाव फार जुने आहे. परंपरा त्याचा संबंध कौंडिण्य ऋषींशी जोडते. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या सैन्याशी येथे नागनायकाने दीर्घकाळ झुंज दिली; इसामीच्या फारसी काव्यात या वेढ्याचे वर्णन आहे. म्हणजे सिंहास शोभेल असा पराक्रम या डोंगराने तानाजींच्या तीन शतके आधीही पाहिला होता.

इ.स. १६६३ चे उपरोक्त पत्र गडावर फितुरी होण्याच्या संदर्भातील आहे आणि त्यात 'सिंहगड' हे नाव सहजगत्या येते. ते नव्याने दिले जात असल्याचा कोणताही भाव त्यात नाही. याचा अर्थ त्या वेळी ते कारभारात रुळलेले होते. त्यानंतर जसवंतसिंगाने गडास वेढा घातला, तो इ.स. १६६४ मध्ये निष्फळ होऊन उठला. पुढच्याच वर्षी मात्र पुरंदरच्या तहाने गड लढाईशिवाय मोगलांकडे गेला. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी तो परत घेतला व त्या लढाईत ते कामी आले.

कृष्णाजी अनंत सभासदाने इ.स. १६९७ मध्ये जिंजी येथे आपली बखर लिहिली. त्यात तानाजी पडल्याचे वृत्त ऐकून महाराजांनी काढलेले उद्गार आहेत; पण त्यांत सिंह नाही. एक गड मिळाला, पण त्यासाठी एक गड गमवावा लागला, अशा आशयाचे ते उद्गार आहेत. सभासदाच्या कथनात महाराज तानाजींस गडाचीच उपमा देतात. गडांवर ज्याचे राज्य उभे होते त्या राजाच्या तोंडी याहून मोठे गौरवपद येणे शक्य नव्हते. सिंहाची उपमा सर्वतोमुखी झाली ती पोवाड्यांच्या परंपरेतून व विशेषतः हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कादंबरीमुळे. गडाचे नाव आधीच सिंहगड असल्याने ही उपमा नावाशी इतकी एकजीव झाली की, नाव हे तिचे कारण नसून फलित आहे असे वाटू लागले.

अशा रीतीने सिंहगड हे नाव, सर्वसामान्य समजुतीप्रमाणे स्मरणपर वाटत असले, तरी उपलब्ध पुराव्यानुसार ते संकल्पपर नावांच्या वर्गात पडते. तानाजींमुळे नाव मिळाले नाही. नाव तेथे होतेच. ते तहात गेले होते. तानाजींनी ते परत आणले आणि त्याचा अर्थ खरा करून दाखविला. एखाद्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने गड ओळखला जाणे हा सन्मान खराच. परंतु आधी दिलेल्या नावास स्वतःच्या प्राणांनी पात्र ठरणे, हा त्याहून अवघड सन्मान आहे. विद्यार्थ्यांसमोर हा मुद्दा अशा रीतीने मांडला तर तानाजींचे काहीही कमी होत नाही. उलट पराक्रमाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

औरंगजेबाने दिलेली नावे

गडांना अर्थपूर्ण नावे देणे ही केवळ मराठ्यांची रीत नव्हती. दक्षिणेत उतरलेल्या औरंगजेबाने एकेक गड घेताना त्यांची नावे बदलली व मोगल तवारिखांत त्यांची नोंदही झाली. रायगड 'इस्लामगड' झाला. इ.स. १७०० मध्ये घेतलेला साताऱ्याचा किल्ला शाहजादा आजमच्या नावाने 'आजमतारा' झाला. इ.स. १७०२ मध्ये विशाळगडास 'सखरलना' हे नाव मिळाले. इ.स. १७०३ मध्ये सिंहगड 'बक्षिंदाबक्ष', म्हणजे ईश्वराची देणगी झाला. इ.स. १७०४ मध्ये राजगड 'नबीशाहगड' आणि तोरणा 'फुतूहुल्गैब', म्हणजे दैवी विजय झाला.

अर्थाच्या दृष्टीने ही नावे उणी नाहीत. वृद्ध बादशहाने प्रचंड खर्च व मनुष्यहानी सोसून हे गड मिळविले होते. त्यास ते ईश्वरी कृपेचे फळ वाटणे स्वाभाविक होते. तरीही यांपैकी एकही नाव लोकांच्या तोंडी टिकले नाही. काही वर्षांतच बहुतेक गड मराठ्यांनी परत घेतले आणि नावे फारसी ग्रंथांत राहिली. ती नाव ठेवणाऱ्याच्या भावनेस अन्वर्थक होती, पण गडावर राबणाऱ्या, गवत कापणाऱ्या, पहारा करणाऱ्या माणसांच्या जगाशी त्यांचे नाते जुळले नाही.

साताऱ्याच्या गडाचे 'अजिंक्यतारा' हे नाव या संदर्भात लक्षणीय आहे. 'आजमतारा' व 'अजिंक्यतारा' यांतील ध्वनिसाम्य डोळ्यांआड करता येत नाही. शत्रूने दिलेला शब्द थोड्याशा उच्चारभेदाने उलटवून त्यास परतवावा, असा हा प्रकार दिसतो. अर्थात 'अजिंक्य' हे वर्णन म्हणून खरे नाही. हा गड मोगलांनी घेतला, मराठ्यांनी परत मिळविला, इ.स. १७०८ मध्ये शाहू महाराजांनी ताराबाईंच्या पक्षाकडून घेतला आणि इ.स. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. वर्णन म्हणून फोल ठरूनही हे नाव आजतागायत टिकले आहे.

नाव का टिकते?

येथपर्यंतच्या उदाहरणांवरून एक गोष्ट दिसून येते. अर्थाची अचूकता हे नाव टिकण्याचे कारण नव्हे. 'प्रचंडगड' हे नाव वर्णन म्हणून निर्दोष असूनही लोक आजही 'तोरणा'च म्हणतात. 'अजिंक्यतारा' हे वर्णन म्हणून सदोष असूनही ते रूढ आहे.

ज्या ठिकाणी गड नव्याने बांधला गेला, तेथे नव्या नावास जुन्या नावाशी स्पर्धा करावी लागली नाही. राजगड, प्रतापगड व सिंधुदुर्ग ही त्याची उदाहरणे होत. भोरप्या हे डोंगराचे नाव होते, गडाचे नव्हते. जेथे जुना नांदता किल्ला होता, तेथे जुने नाव सहजासहजी हटले नाही. त्यास हटविण्यासाठी कारभाराचा दीर्घ सराव तरी लागला, जसा रायगडाच्या बाबतीत, किंवा लोकस्मृतीत खोल रुतणारा प्रसंग तरी लागला, जसा सिंहगडाच्या बाबतीत. प्रचंडगडास यांपैकी काहीच मिळाले नाही. राजधानीचा मान शेजारच्या राजगडास गेला आणि प्रचंडगड कागदोपत्री राहिला. नाव देणे राजाच्या हाती असते. ते चालविणे मात्र लोकांच्या हाती असते.

टिकलेली नावे कालांतराने गडाबाहेरही पसरतात. इ.स. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि त्याच वर्षी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. बराच भूभाग डोंगराळ असलेल्या जिल्ह्यास 'सागरातील दुर्ग' हे नाव मिळाले, तेव्हा ते यौगिक राहिले नाही. ते रूढ झाले. इ.स. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यात राजगड, रायगड, प्रतापगड, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग आहेत. या गडांवर येणाऱ्या अभ्यागतास नावाचा अर्थ सांगणारे फलक, पुस्तिका व वाटाडे यापुढे वाढतच जाणार आहेत. त्यांवर काय लिहावे व सांगावे, याची जबाबदारी अंशतः महाविद्यालयीन इतिहास विभागांवर आहे.

निष्कर्ष

१) शिवकालीन दुर्गनामे वर्णनपर, संकल्पपर व स्मरणपर अशा तीन प्रकारची आहेत. राज्यस्थापनेच्या दृष्टीने त्यांतील संकल्पपर नावे सर्वाधिक महत्त्वाची ठरतात.

२) नाव जितके अधिक शोभते तितकी त्यामागील कथा अधिक काटेकोरपणे तपासणे आवश्यक आहे. कारण शोभणाऱ्या नावास कथा चिकटते आणि कालांतराने कथेसच कारणाचे स्थान मिळते. सिंहगडाच्या नावाबाबत हेच घडले आहे.

३) नावाच्या अर्थावरून गडाचा इतिहास सिद्ध होत नाही. मात्र नाव ठेवणाऱ्याच्या मनोभूमिकेचे ते विश्वसनीय साधन आहे. 'राजगड' हे नाव सतराव्या शतकाच्या मध्यास त्या डोंगराविषयी फारसे काही सांगत नाही. शिवाजी महाराजांच्या ध्येयाविषयी मात्र पुष्कळ सांगते.

४) नावाचे टिकणे अर्थावर नव्हे, तर सराव व लोकस्मृती यांवर अवलंबून असते. औरंगजेबाने दिलेली नावे व प्रचंडगड ही याची साक्ष होत.

तात्पर्य, अन्वर्थक नाव हा इतिहासाचा पुरावा नसून इतिहासासमोर टाकलेला प्रश्न असतो. सिंहगडाने तो प्रश्न इ.स. १६६३ पूर्वीच विचारला होता. त्याचे उत्तर माघ वद्य नवमीच्या रात्री मिळाले. प्रश्न व उत्तर यांचा हा क्रम विद्यार्थ्यांपुढे जसा आहे तसा ठेवणे, हे अध्यापकाचे कर्तव्य आहे.